गौर पाण्यात उतरेपर्यंत

हातगाडीवर डांगरांची पहिली रास आली की माझा हात आपोआप कपाळाकडे जातो. माझं कपाळ धड आहे. फुटलं होतं ते मायचं.

डांगर म्हणजे आमच्या खानदेशातलं खरबूज. नदीच्या वाळूत पिकतं, वैशाखात गोड होतं. खाली गल्लीत गाडीवाला एका घावात त्याचे दोन तुकडे करतो. सुरी आत शिरताना जो आवाज होतो तो मला ऐकवत नाही. मी खिडकी लावून घेते. मग वाटतं, माझी शकू खाली तर गेली नसेल? उघडून बघते. पोर दारातच गजगे खेळत असते. पुन्हा लावते. आमचे हे म्हणतात, "लोकांच्या खिडक्यांच्या बिजागऱ्या पावसानं जातात, आपल्या वैशाखानं झिजतात."

असू दे. दाराआड, अंधारात, तेलाच्या जुन्या डब्याच्या तळाशी मी गहू पेरलेत. आज कोंब दिसले. ऊन न लागलेले, पिवळे, दुखणाइतासारखे. आमच्याकडे हीच गौर. शेजारच्या काकू रत्नागिरीकडच्या. त्यांनी एकदा विचारलं होतं, "काय हो इंदूबाई, तुमच्याकडे म्हणे सणाला दगड मारतात? आमच्याकडे बाई देवापुढे नारळ फोडतात." मी म्हटलं, "आमच्याकडे डोकी फोडतात." त्या हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करते.

आमचं गाव धुळ्याच्या खालच्या अंगाला, पांझरेच्या काठी. आखाजी हा आमचा सगळ्यांत मोठा सण. पंचांगात त्याला अक्षय्यतृतीया म्हणतात, पण ते नाव घेतलं की सण परका वाटतो. आखाजीला सासरच्या लेकी माहेरी येतात. लिंबाला झोके बांधतात, इतके उंच चढवतात की पाय शेंड्याला लागावेत. पुरुष ओट्यावर पत्ते कुटत बसतात. आणि दुसऱ्या दिवशी उन्हं कलली की बायका गव्हाच्या कोंबांची दुरडी, म्हणजे गौर, घेऊन नदीवर जातात आणि पल्याडच्या गावच्या बायकांशी दगडांनी भांडतात.

भांडण कशाचं? कशाचंच नाही. वर्षभर जिनं सासूचं ऐकून घेतलं, नवऱ्याचा मार खाल्ला, दिराच्या ताटापाशी पंख्यानं वारा घातला, तिला एक दिवस हातात दगड मिळतो, एवढंच. आधी शिव्या. त्या ठरलेल्या. पल्याडच्या ओरडायच्या, "तुमन्या लेकी कान्या!" कानी म्हणजे एका डोळ्याची. इकडून माय पदर खोचून ओरडायची, "तुमना जवाई आंधया!" त्या म्हणायच्या, तुमची डांगरं फिकी, आम्ही म्हणायचो, तुमचे नवरे. मग ढेकूळ. मग गोटा. मग ज्या बायकांनी पाखरं राखताना ज्वारीच्या माचाणावर हात तयार केलेला, त्यांच्या गोफणी सूं सूं करायला लागायच्या, आणि पाण्यावर, वाळूवर, पाठींवर, दंडांवर दगडांचा सडा पडायचा.

मी लहानपणी हे डोळे मिटून ऐकायची. दगड अंगाला लागल्याचा आवाज दगडाला दगड लागल्यासारखा नसतो. तो ओला असतो. कुणाचं कपाळ फुटायचं, कुणाचा दात जायचा. जखमेत हळद दाबायची आणि पुन्हा काठावर. रक्तानं चोळी भिजलेली बाई घरी परतताना नवरीसारखी मिरवत यायची. मायच्या उजव्या भुवईवर, खांद्यावर, मनगटावर आखाज्यांच्या खुणा होत्या. आबा तिला म्हणायचे, "तुले पाहीसन वाघ बी वाट सोडी." माय म्हणायची, "तुम्हीन कोठे सोडी?"

पण त्या दगडांनाही एक नेम होता. गौर डोक्यावर घेतलेली बाई पाण्याकडे चालायला लागली आणि कुणी म्हातारीनं हाळी दिली, "गौर चालनी! हात खाले!" की दोन्ही काठांवरचे हात खाली. उगारलेला दगडसुद्धा जागच्या जागी गळून पडायचा. मग नदीत फक्त पाण्यात शिरणाऱ्या पावलांचा आवाज. गौर सोडली की भांडण संपलं, वर्षभरासाठी. हा नेम कुणी मोडल्याचं मायनं पाहिलं नव्हतं आणि तिच्या मायनं ऐकलं नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो, तसाच हा नेम, सगळ्या जगाचा, असं तिला वाटायचं.

मी चौथीत शाळा सोडली. म्हणजे ती सुटली. पुढे लग्न होऊन मुंबईत आले. हे गिरणीत साचेखात्यात, मागावर. माणूस चांगला मिळाला. चाळीच्या वाचनालयातून पुस्तकं आणून देतात, माझ्या अक्षराला नावं ठेवत नाहीत. ज्याचं त्याचं ऋण मानावं. पण यांना आखाजीला रजा कधी मिळाली नाही. खात्यात गणपतीला कोकणातली माणसं गावी जातात हे मुकादमाला ठाऊक होतं. आखाजी हा सण आहे हेच त्याला माहीत नव्हतं. वर्षामागून वर्षं गेली. शकू झाली, चालायला लागली, आणि तिनं अजून आजोळचा झोका पाहिला नव्हता.

मग त्या वैशाखात एका सकाळी दारात आबा आणि माय. चाळीसगावला गाडी बदलून, रात्रभर बसून आलेली. आबांच्या खांद्यावर डांगरांचं पोतं, मायच्या कडेवर ओल्या फडक्यानं झाकलेली दुरडी. मी पायांवर वाकायच्या आतच मायनं सुनावलं, "आखाजीले येत नई ती लेक कशी व? तू येत नई ना, मंग आम्ही आखाजी लई उनूत."

फडकं काढलं. आत आमच्या घरातले गहू, आमच्या मातीतले. आगगाडीच्या डब्यातल्या लोकांना वाटलं होतं खायचं काही आहे. आबा म्हणाले, "तिकिटवाल्यानी इचारं, यामा काय शे? मी म्हनं, आमनी पोरनी गौर. सासरले जाई राह्यनी. तो बी लेकीना बाप व्हई. हसना नि ग्या."

दुसऱ्या दिवशी यांची सुटी होती. ठरलं, पोरीला चौपाटीवर न्यायचं, पाळण्यात बसवायचं, तोच झोका. आणि समुद्रात गौर बुडवायची, तीच पांझरा. मी सांजोऱ्या बांधून घेतल्या. मी आदल्या दिवसापासून घाबरलेली होते. ते दिवस तसेच होते. मुंबई कोणाची, या एका प्रश्नावरून शेजारी शेजाऱ्याकडे विरजण मागेनासा झाला होता. मोर्चे, काठ्या, बंद दुकानं. यांना मी दोनदा विचारलं, जायचं ना? हे म्हणाले, "चौपाटीवर पोरं खेळतात, बाई. तिथं कोण काय करणार?"

ट्राममधून उतरलो आणि समोर समुद्र. माय कमरेवर हात ठेवून कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं पानी, नि पल्याडनं गाव कोठे शे?"

"मामी, पल्याड गाव नाही," हे म्हणाले. "पल्याड आफ्रिका."

"मंग भांडानं कोनासंगे?"

आम्ही सगळे हसलो. वाळूत भेळेच्या गाड्या, कुल्फीवाले, सोडावॉटरच्या बाटल्यांचे पेटारे. तेलाच्या बाटल्यांची चवड खुळखुळवत एक मालीशवाला आबांच्या मागे लागला. "चाचा, सिर में तेल लगाऊँ? सारी गरमी उतर जाएगी." आबांनी पगडी घट्ट धरली. "मना डोकामा तेल घालाले बायको शे. ती गरमी चढावस, उतारत नई." मालीशवाल्याला शब्द कळले नाहीत, पण मायचा चेहरा बघून तो समजला आणि दात दाखवून हसत तिथंच वाळूत बसला.

पाळणा लाकडी होता. चार पेट्यांचा, हातानं फिरवायचा. माय म्हणाली, "हाऊ कसाना झोका? याले झाडच नई!" पण आबा शकूला घेऊन बसलेही. फिरवणाऱ्यानं दांडा धरून खाली खेचला आणि पोरीचं किंचाळणं वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. मायनं टाळ्या वाजवल्या. तिच्या पायाशी दुरडी होती. रस्त्याच्या बाजूला वाळूवर सभा जमत होती, भोंग्यातून काहीतरी खरखरत होतं. दुसरीकडून, पाण्याच्या अंगानं, दुसरा एक जमाव घोषणा देत येत होता. मध्ये आम्ही आणि पाळणा. हे पुटपुटले, "गौर बुडवू आणि निघू. आज हवा बरी नाही."

हवा सांगून फाटत नाही. पहिली बाटली कुठून आली ते मी पाहिलं नाही. ती पाळण्याच्या खांबावर फुटली आणि बंदुकीसारखा बार झाला. सोडावॉटरची भरलेली बाटली फुटते तेव्हा काच चारही दिशांना उडते. मग दुसरी. मग दगड. फुटपाथ उकरून आणलेले, धारेचे, मुठीत न मावणारे. भेळेची गाडी उलटली, कढई वाळूत पालथी झाली, तेलाचा धूर उठला. एक माणूस तोंड धरून आमच्या पुढून पळाला आणि त्याच्या बोटांतून रक्त नळासारखं सुटलं होतं. माणसं माणसांवरून पळत होती. कुणाची तरी चप्पल, कुणाचं रडतं पोर, कुणाचा छत्रीचा दांडा वर आणि खाली, वर आणि खाली. दोन्ही बाजू आता एकमेकींना भिडायला टपल्या होत्या, आणि मध्ये मोकळ्या वाळूची एक पट्टी राहिली होती, तिच्यावर दगड पडत होते.

पाळणा फिरवणारा पळाला.

मी वर पाहिलं. आबांची पेटी अगदी वर थांबली होती. चारही बाजूंनी उघडी. दोन्हीकडचे दगड जिथून जात होते, नेमकं तिथं. आबा वाकून पेटीच्या तळाशी कासवासारखे झाले होते. पोर दिसत नव्हती. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. वरून आबांचा आवाज आला, "इंदू, घाबरू नको! पोर मना पोटखाले शे!" आणि लगेच एक दगड त्यांच्या पाठीवर बसला. तोच ओला आवाज.

हे पाळण्याकडे धावले. दांड्यापर्यंत पोचायला सरळ उभं राहायला हवं होतं. उभे राहिले आणि एक दगड त्यांच्या कानाला चाटून गेला, गुडघ्यावर बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. एकट्यानं तो हलेनाही. पाळण्याचा लाकडी आस घट्ट अडकून बसला होता.

माझ्या बाजूला मायची हालचाल झाली. मला वाटलं ती दगड उचलते आहे. तिच्या हाताला तो शोभला असता. पण तिनं दुरडी उचलली. फडकं काढलं, त्याची डोक्यावर चुंबळ केली, तिच्यावर दुरडी ठेवली, पदर खोचला. मी तिच्या लुगड्याला धरलं. तिनं माझा हात असा झटकला जसा ती दूध पीत राहिलेल्या वासराचं तोंड झटकायची.

"सोड. आते ह्या थांबतीन. गौर चालनी."

आणि ती त्या पट्टीत चालत गेली. धावत नाही. नदीकडे चालतात तशी, पाय मोजून. हाळी दिली ती धुळ्याच्या बाजारापर्यंत पोचेल एवढी: "थांबा रे! गौर चालनी! हात खाले!"

मुंबईत त्या शब्दांचा अर्थ कुणाला ठाऊक होता? कुणालाच नाही. कुणीतरी शिवी दिली, कुणी ओरडलं, "म्हातारी वेडी आहे!" पण उन्हात पिवळे कोंब डोक्यावर घेऊन चाललेली बाई दिसली आणि रस्त्याच्या बाजूचे हात थबकले. मी ते पाहिलं. उगारलेले हात, खाली न आलेले, नुसते थांबलेले. पाण्याच्या बाजूचे थांबले नाहीत. म्हणजे नेम अर्धा चालला. चौपाटी अर्धी थांबली.

त्या अर्ध्यात मालीशवाला उठला. तो पळाला नव्हता, आपल्या बाटल्या पोटाशी धरून पाळण्याच्या खांबाआड बसला होता. त्यानं त्या वाळूत टाकल्या, यांच्या शेजारी उभा राहिला, आणि दोघांनी मिळून दांडा खेचला. त्याचे हात तेलकट, लाकूड निसटत होतं. त्यानं हात वाळूत घासले आणि पुन्हा धरला. पेटी करकरत खाली आली. मी पोर ओढून घेतली. जिवंत, गरम, ओली. आबांच्या सदऱ्याला पाठीवर भोक पडलं होतं आणि ते म्हणत होते, "मले नई, पोरले पाहा, पोरले पाहा."

तेव्हाच बाटली फुटली. मायच्या पायाशी नाही. तिच्या तोंडाशी.

ती पडली नाही. दुरडी एका हातानं सावरली, दुसरा हात डाव्या डोळ्यावर दाबला. बोटांच्या फटीतून रक्त आलं, मनगटावरून कोपरावर, कोपरावरून लुगड्यावर. मग शिट्ट्या वाजल्या, काठ्या घेतलेले पोलिस रस्त्याकडून उतरले आणि दोन्ही जमाव एकच होऊन, एकाच दिशेला, पळत सुटले. जे आत्ता एकमेकांचा जीव घेत होते ते खांद्याला खांदा लावून पळत होते. माझ्या शेजारून एकजण गेला, त्याच्या मुठीत अजून दगड होता. तो फेकायचं विसरला होता.

माय पाण्याकडेच चालत राहिली.

"मामी, इस्पितळात चला," हे मागे धावले. तिनं मान हलवली. "गौर पान्यामा जावाले पाहिजे. मंग चला कोठे नेतस तठे." लाट गुडघ्याला लागली तशी तिनं दुरडी सोडली. लाटेनं ती परत आणून दिली. तिनं पुन्हा सोडली. पुन्हा परत. आमच्या नदीत सोडलेलं परत येत नाही. तिसऱ्या खेपेला तिनं कोंब उपटून मुठीनं पाण्यात शिंपले, दुरडी तिथंच पालथी केली आणि चुळकाभर खारं पाणी जखमेवर मारलं. तेव्हा मात्र ती ओरडली. इतक्या आखाज्यांत मी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं.

मालीशवाल्यानं आपला स्वच्छ गमछा काढून तिच्या डोळ्यावर बांधला. "माताजी, हाथ हटाओ. दबाके मत रखो, काँच है." त्याच्या बाटल्या सगळ्या फुटल्या होत्या; वाळूत तेलाचे डाग पसरले होते. त्यानं तिकडे बघितलंही नाही. टांग्यापर्यंत तो आबांना धरून आला. नाव विचारायचं राहून गेलं. त्यानंतर आम्ही कितीदा चौपाटीवर गेलो, तेलाच्या बाटल्या खुळखुळल्या की मी वळून बघते. देवानं त्याला जिथं असेल तिथं सुखात ठेवावं. माझ्या घरात आज शकूचा जो दंगा चालतो, तो त्याच्या हातांचा आहे.

मायचा डोळा गेला. टांग्यात ती एकच वाक्य बोलली, कुणावर राग नसल्यासारखं, एखाद्या अडाणी सुनेबद्दल बोलावं तसं: "ह्या लोकेसले भांडता येत नई."

चौपाटी मला स्वप्नात येते, ती अशीच येते, फुटून. पण वैशाख लागला की डोळ्यांपुढे शेवटी येते ती पुढच्या वर्षीची पांझरा.

त्या वर्षी यांनी मुकादमाला रजा मागितली नाही. नुसतं सांगितलं, जातोय. काम राहो न राहो. राहिलं, उपकार देवाचे. मी शकूला घेऊन गावी गेले. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी उन्हं कलली आणि आम्ही नदीवर आलो. पल्याडच्या काठावर नेहमीच्या बाया. माय पुढे, पदर खोचून, एक डोळा मिटलेला, खड्ड्यासारखा.

आणि पल्याडून आवाजच येईना.

चौपाटीचं सगळ्या तालुक्याला कळलं होतं. त्या बाया खाली बघत उभ्या होत्या. त्यांच्यातली एक थोराड बाई, जिनं मायच्या भुवईवरची खूण केली होती, ती तोंडाला पदर लावून उभी. कारण पहिली शिवी ठरलेली होती आणि ती आता तोंडातून निघत नव्हती. मला त्यांचं भलंपण कळलं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, बरं झालं, यंदा दगड नाहीत, शकू लहान आहे.

माय मात्र लाल झाली. वर्षभर तिनं डोळ्यासाठी एक टिपूस काढलं नव्हतं. त्या गप्प काठासमोर तिचा ओठ थरथरायला लागला. "काय व?" ती गरजली. "मी मरनी का? बोला ना! कानी शे मी, डोया फुटना मना! बोला! जिभा झडन्यात का तुमन्या?"

मायनं वाकून गोटा उचलला. एका डोळ्यानं नेम चुकतो. तो पाण्यात अलीकडेच पडला. तिनं दुसरा उचलला. हा त्या थोराड बाईच्या नडगीवर बसला, तोच ओला आवाज. ती कळवळली. क्षणभर तिनं पाय धरला. मग पदर तोंडावरून काढून कमरेला खोचला आणि काठ हादरेल अशी ओरडली, "कानी! तुमन्या लेकी कान्या नि माया बी कान्या!"

मायचा चेहरा पांझरेला पूर यावा तसा भरून आला. "हां!" ती म्हणाली. "आते कशी! तुमना जवाई आंधया!" आणि दगड सुरू झाले. आकाश त्यांनी भरलं. ढेकळं फुटत होती, गोफणी सुटत होत्या, दोन्हीकडच्या बाया रडत होत्या की हसत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एक गोटा मायच्या खांद्याला लागला, तिनं तो उचलला, त्याच्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि परत पाठवला.

मग तिनं मागे वळून मला खूण केली. त्या वर्षी गौर माझ्या डोक्यावर होती.

मला चालवेना. माझ्या कानांत सोडावॉटरच्या बाटल्या फुटत होत्या. माय काठावरून ओरडली, "गौर चालनी! हात खाले!" मी डोळे मिटले आणि पाऊल टाकलं.

शांतता. इकडे आणि तिकडे. एकही दगड नाही. फक्त माझ्या पायांचा पाण्यातला आवाज. गुडघ्यापर्यंत आले, डोळे उघडले. एवढ्या बाया, घामानं, मातीनं, रक्तानं माखलेल्या, आणि एकीचाही हात वर नव्हता. मी दुरडी हातात धरून तशीच उभी राहिले.

"सोड ना व!" मागून माय ओरडली. "का सासरले परत लई जास?"

दोन्ही काठ हसले. मी तरीही मागे वळून बघितलं. मायच्या लुगड्याला धरून शकू उभी होती. तिच्या मुठीत एक गोटा होता, तिच्या मानानं मोठा, आणि तो हात तिनं, कुणी न सांगता, खाली केला होता.

मग मी गौर सोडली.